आईची उदासी आणि मुक्ताईची ताटी

आळंदीच्या वाटेने चालताना मुक्ताईचे नाव आपण भावंडांत शेवटी घेतो, धाकटी म्हणून. पण ती कोणत्या घरात वाढली, हे आम्हांस आधी सांगावेसे वाटते.

मातोश्री रुक्मिणीबाई आळंदीच्या सिधोपंत कुलकर्ण्यांची लेक. यजमान विठ्ठलपंत काशीस जाऊन संन्यासी झाले. मागे ही माउली वर्षानुवर्षे पिंपळाला प्रदक्षिणा घालीत राहिली. पुढे गुरूंच्या आज्ञेने विठ्ठलपंत परतले, संसार पुन्हा मांडला. पण गावाने घर वाळीत टाकले. या घरात निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि प्रचलित गणनेप्रमाणे शके 1201 म्हणजे सन 1279 मध्ये मुक्ताई जन्मली. दाराशी कोणी येत नाही, थोरल्याची मुंज कोणी लावीत नाही. अशा आईच्या मनाला उदासी ग्रासणार नाही तर काय! अखेर प्रायश्चित्त म्हणून आईबापांनी देह ठेवले, पोरं उघड्यावर पडली.

आई खचली की घरातली पोरं दोन तऱ्हांनी वागतात, हे आजचे डॉक्टरही सांगतात. कुठे उरल्यासुरल्या मायेच्या वाट्यासाठी एकमेकांवर खेकसतात. कुठे थोरलं पोर वेळेआधीच आई होऊन बसतं. या घरी निवृत्तिनाथ आईही झाले, गुरूही झाले. आम्हांस मात्र धाकटीचे अधिक नवल वाटते. उदास घरातल्या पोरीला आईच्या मुद्रेवरून दिवस ओळखायची सवय लागते. मुक्ताईला भावांचे मन असेच वाचता येई, असे आम्ही समजतो.

एकदा ज्ञानदेव लोकांच्या बोलांनी दुखावले आणि झोपडीची ताटी लावून आत बसले. घरात पुन्हा कोणी तरी मिटून बसले! थोरल्याने समजूत घालावी, ही जगाची रीत. इथे सर्वांत लहान बहीण दाराशी उभी राहिली. ती रागावली नाही, रडून गहिवर घातला नाही. संताने कसे असावे हे तिने मोठ्या भावाला सांगितले, लाडही केला, आणि दार उघडण्याची विनवणी पुन्हा पुन्हा केली. तेच ताटीचे अभंग. बहिणीने भावाचे आईपण करावे, ते हेच. (हे अभंग नुसते चालीवर म्हणून पुढे जाणाऱ्यांनी एकदा सावकाश वाचावेत.)

ज्ञानदेव बाहेर आले.

पुढे चौदाशे वर्षांचे म्हणून ख्यात असलेले चांगदेव या पोरीचे शिष्य झाले; गोरोबांच्या घरी नामदेवरायांना कच्चे ठरविण्याच्या प्रसंगातही तीच पुढे होती. ते सर्वांस ठाऊक आहे.

शके 1218, सन 1296, कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. महिन्याने सासवडास सोपानदेव गेले. वैशाख वद्यात तापीकाठी मेहूणला मुक्ताई विजेच्या कडकडाटात लुप्त झाली. जवळ निवृत्तिनाथ होते. ज्यांना आई होऊन वाढविले, त्या तिघांना निरोप देऊन ते त्र्यंबकेश्वरी आले, आणि पुढच्या ज्येष्ठातच त्यांनीही समाधी घेतली.