कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशिअस

डिसेंबर १९३६ मध्ये जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले, हे तुम्हांस ठाऊक आहेच. भारताची राज्यघटना भारतीयांनीच निवडलेल्या घटना समितीने करावी, या मागणीचा तेथे पुनरुच्चार झाला. त्या काळात मुंबईच्या कॅथलिक चर्चपुढेही असाच एक प्रश्न उभा होता. तो समजण्यासाठी कार्डिनल ग्रेशिअस यांचे चरित्र उपयोगी पडते.

त्यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९०० रोजी कराची येथे, मूळच्या गोमंतकीय कुटुंबात झाला. १९२६ मध्ये ते धर्मगुरू झाले. पुढे रोम येथे त्यांनी उच्च शिक्षण घेतले. मात्र पोपचे धर्मपीठ व पोर्तुगाल यांच्यातील १९२८ च्या करारानुसार मुंबईच्या आर्चबिशपपदावर आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश व्यक्ती नेमली जाई. भारतीय धर्मगुरू कितीही विद्वान असला, तरी ते पद त्याच्यासाठी नव्हते.

१९३७ मध्ये इंग्रज धर्मगुरू थॉमस रॉबर्ट्स आर्चबिशप झाले. त्यांच्यानंतरची पाळी पोर्तुगीजाची होती. आपल्यामागे भारतीय व्यक्ती यावी, अशी रॉबर्ट्स यांची इच्छा होती. १९४६ मध्ये ग्रेशिअस सहायक बिशप झाले. त्यानंतर रॉबर्ट्स भारताबाहेर गेले आणि कारभार ग्रेशिअस यांच्याकडे आला. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली, तरी तो करार शिल्लकच होता. जुलै १९५० मध्ये पोर्तुगालने आपला हक्क सोडला आणि डिसेंबरमध्ये ग्रेशिअस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते कार्डिनल झाले. पोपची निवड करणाऱ्या मंडळात स्थान मिळालेले ते पहिले भारतीय होत.

या घटनाक्रमाचे महत्त्व ध्यानात घ्या. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्मस्वातंत्र्य दिले. परंतु ज्या संस्थेचा प्रमुख परकीय सत्तेच्या संमतीने ठरतो, ती संस्था आपली आहे असे देशबांधवांना कसे वाटावे? गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होता. त्यामुळे गोमंतकीय वंशाच्या धर्माधिकाऱ्यापुढे हा प्रश्न अधिकच टोकदार होता.

१९६४ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली. तिच्यासाठी पोप सहावे पॉल आले. भारतात आलेले ते पहिले पोप होत. १९६६ मध्ये ग्रेशिअस यांना पद्मविभूषण मिळाले. ११ सप्टेंबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

देशातील सत्तांतर एका दिवसात जाहीर होते; संस्थांमधील सत्तांतरास मात्र जुने करार मोडावे लागतात. तुमच्या परिसरातील एखाद्या जुन्या संस्थेचा इतिहास या दृष्टीने तपासून पाहा.