विश्लेषण : तंबोऱ्याच्या दोऱ्यात काय दडलंय? मिरजेच्या अब्दुल करीम खाँ यांचा सुराचा शोध

लग्नाच्या वरातीत बँडवाला सॅक्सोफोन वाजवतो तेव्हा आपलं लक्ष चकचकीत पितळी नळीकडे जातं. वादकाचं लक्ष मात्र तोंडात धरलेल्या बोटभर तुकड्याकडे असतं. त्याला माऊथपीस म्हणतात. माऊथपीसचं टोक आणि त्यावर बांधलेली वेताची पट्टी यांच्यात जी फट असते, ती मिलिमीटरच्या काही भागांनी बदलली तरी वाद्याचा आवाज बदलतो. त्यामुळे टेनर सॅक्सोफोन वाजवणारे वर्षानुवर्षं मनासारखा माऊथपीस शोधत राहतात. अमेरिकेतले जॅझ वादक जॉन कोलट्रेन यांच्यासारखा दिग्गजही या शोधातून सुटला नाही. (याच कोलट्रेन यांनी पंडित रविशंकर यांच्यावरून आपल्या मुलाचं नाव रवी ठेवलं.)

आपल्याकडे हा शोध तंबोऱ्याच्या घोडीवर चालतो आणि त्याची सर्वांत मोठी गोष्ट मिरजेत घडली. किराणा घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा २७ ऑक्टोबर हा स्मृतिदिन. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि तिथे त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीत सभा होते. तिथे त्यांच्या गाण्याबद्दल भरपूर बोललं जातं. तंबोऱ्याबद्दलच्या त्यांच्या ध्यासाबद्दल मात्र कमी बोललं जातं.

उत्तर प्रदेशातले खाँसाहेब मिरजेचे कसे झाले?

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ चा, दिल्लीच्या उत्तरेकडच्या कैराना गावातला. किराणा घराण्याचं नाव याच गावावरून आलं, वाणसामानाच्या दुकानाशी त्याचा काही संबंध नाही. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांचं शिक्षण झालं. घरात सारंगी होती, बीन होती. गायक होण्याआधी आणि नंतरही त्यांच्या हातात वाद्यं होती, हे इथे लक्षात ठेवायला हवं. नुसत्या गायकाला तंबोरा दुसऱ्या कोणी लावून दिला तरी चालतो. सारंगीवाल्याचं तसं नसतं, त्याला तारा स्वतःच्या कानाने जुळवाव्या लागतात.

तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात आले. तिथे राजघराण्याच्या नात्यातल्या सरदार माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकू लागली. दोघांचं प्रेम जमलं आणि त्यांनी बडोदा सोडलं. मुस्लिम गवई आणि मराठा सरदारकन्या हे लग्न त्या काळात किती मोठं धाडस होतं, ते वेगळं सांगायला नको. मुंबईत काही काळ काढून हे कुटुंब दक्षिण महाराष्ट्रात आलं.

मिरज तेव्हा पटवर्धनांचं संस्थान होतं. (सध्याच्या सांगली जिल्ह्याचा तेव्हा पत्ता नव्हता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा नावाने तो तयार झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं.) संस्थानाला गाण्याची आवड होती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे राहून शिकवत असत आणि विष्णु दिगंबर पलुस्कर इथेच घडले. रेल्वे जंक्शन असल्यामुळे मुंबई-पुणे आणि कर्नाटक या दोन्हीकडे जाणं सोपं होतं. आजारपणात मीरासाहेबांच्या दर्ग्यात आपल्याला गुण आला, अशी खाँसाहेबांची श्रद्धा होती असं सांगतात. कारण काहीही असो, पुढे जिथे जिथे गेले तिथून ते मिरजेला परतत राहिले. त्यांची मुलगी चंपाकली १९०५ मध्ये मिरजेतच जन्मली. पुढे महाराष्ट्र तिला हिराबाई बडोदेकर म्हणून ओळखू लागला.

जवारी म्हणजे नेमकं काय?

मिरजेत त्या काळी आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे वाद्य बनवणारे कारागीर. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात सतार आणि तंबोरे बनवायला सुरुवात केली. फरीदसाहेब सतारमेकर यांचं नाव त्यात पहिलं घेतलं जातं. पंढरपूर भागातला भोपळा आणायचा, त्याला लाकडी दांडी जोडायची, तारा चढवायच्या. इथपर्यंतचं काम डोळ्यांनी दिसतं. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

तंबोऱ्याच्या तारा भोपळ्यावरच्या घोडीवरून जातात. गिटारची घोडी कडेने टोकदार असते, तार तिला एकाच ठिकाणी टेकते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद असते आणि तिच्या माथ्याला अगदी सूक्ष्म गोलाई दिलेली असते. छेडलेली तार या गोलाईला पुन्हा पुन्हा हलकेच घासून जाते आणि त्यातून तो भरलेला, गुंजणारा नाद येतो. घोडीचा माथा कानसेने आणि पॉलिश पेपरने घासून ही गोलाई आणण्याच्या कामाला जवारी काढणं म्हणतात. त्यावर शेवटचा हात म्हणून तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतात. दोरा केसभर पुढे गेला तर आवाज बसका होतो, केसभर मागे गेला तर पातळ होतो. मधे कुठेतरी एक जागा असते जिथे तार उघडते. ती जागा प्रत्येक तारेसाठी वेगळी असते आणि हवा दमट झाली की तीही बदलते.

हे गायकाचे लाड आहेत असं कोणाला वाटेल. तसं नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये वीणा आणि तंबोऱ्यावर एक शोधनिबंध लिहिला. कोणत्याही तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनसंख्येचे उपस्वर निघतात. तार ज्या बिंदूवर छेडली, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांची गाठ पडते ते उपस्वर पुस्तकातल्या नियमानुसार ऐकू यायला नकोत. तंबोऱ्यात ते येतात, तेही ठळक. हे घोडीचं काम आहे, असं रामन यांनी दाखवलं. इंजिनीअरिंगला आम्ही तारेच्या कंपनाची समीकरणं सोडवली, त्यात तारेची दोन्ही टोकं पक्की बांधलेली असतात. तंबोऱ्याच्या तारेचं एक टोक क्षणाक्षणाला जागा बदलत असतं, म्हणून त्या समीकरणात हा आवाज सापडत नाही.

चांगली जवारी असलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून, कोणी न छेडता, गंधार ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. खाँसाहेबांचं गाणं या गंधाराच्या शेजारी बसून ऐकायला हवं. एकेक स्वर संथपणे, कणाकणाने वाढवत न्यायचा, ही किराणा घराण्याची ओळख. असा स्वर लांबवला की तो तंबोऱ्याशी जुळतो की नाही हे लपत नाही. तानांच्या फैरीत लबाडी चालून जाते, इथे चालत नाही. म्हणून खाँसाहेब तंबोरे लावण्यात वेळ घालवत. वाद्यांची दुरुस्ती ते स्वतः करत आणि त्यात त्यांचा हात चांगला होता.

सांगलीच्या डेप्युटी कलेक्टरांनी काय मोजलं?

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. प्राचीन ग्रंथांत एका सप्तकात २२ श्रुती सांगितल्या आहेत. त्या खरंच गायल्या जातात का, हे त्यांना मोजून पाहायचं होतं. त्यासाठी असा गायक हवा होता जो तोच स्वर पुन्हा पुन्हा त्याच जागी लावू शकेल. अब्दुल करीम खाँ तयार झाले.

बहुतेक उस्ताद तेव्हा आपली विद्या झाकून ठेवत. तार ताणून पट्टीने लांबी मोजणाऱ्या निवृत्त अधिकाऱ्यापुढे बसून गाणं कोणाच्या शानीला शोभणारं नव्हतं. खाँसाहेब बसले. ते गात, देवल तार त्या स्वराला जुळवत, लांबी मोजत आणि गुणोत्तर काढत. १९१० मध्ये देवल यांचं श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक पुण्यात छापलं गेलं. अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज आयसीएस अधिकाऱ्याने या कामात रस घेतला आणि श्रुतींप्रमाणे पट्ट्या असलेली एक खास पेटी लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून तयार झाली.

साधी पेटी का चालत नव्हती? आकडेमोड सोपी आहे. षड्जाची कंपनसंख्या २४० धरा. तंबोऱ्यातून निघणारा शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट म्हणजे ३०० येतो. युरोपी पद्धतीच्या पेटीत सप्तकाचे १२ समान भाग केलेले असतात, त्यामुळे तिचा गंधार सुमारे ३०२.४ येतो. फरक अडीच कंपनांहूनही कमी. पण षड्जाचा पाचवा उपस्वर १२०० आणि पेटीच्या गंधाराचा चौथा उपस्वर सुमारे १२०९.५. हे दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला नऊ-साडेनऊ वेळा आवाज थरथरतो. तंबोरा जितका चांगला लागलेला, तितकी ही थरथर अधिक जाणवते. पंचमाच्या बाबतीत मात्र पेटी जवळपास बरोबर असते, ३६० ऐवजी ३५९.६.

हा प्रयोग फसला का?

एका अर्थाने हो. १९१६ च्या मार्चमध्ये बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. ज्या शहरातून अब्दुल करीम आणि ताराबाई निघून गेले होते, तेच हे शहर. क्लेमंट्स आणि देवल यांनी श्रुतींची पेटी तिथे मांडली. भातखंडे आणि जमलेल्या उस्तादांना ती पटली नाही. स्वर रागाप्रमाणे आणि गायकाप्रमाणे हलतो, तो पट्टीत बांधता येत नाही, असा आक्षेप होता. माझ्या मते तो आक्षेप रास्तच होता. पितळी जिभेचा स्वर एकदा कापला की कापला, तर तंबोऱ्याचा दोरा रोज सरकवता येतो. पण समान भागांची पेटी आपल्या गाण्याशी भांडते, हे देवल यांचं म्हणणं खोटं ठरलं नाही. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. त्या बंदीमागे राजकारण होतं, पण सुराचा हा मुद्दाही होता.

बडोद्याच्या परिषदेआधी, १९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं होतं. गाणं शाळेत शिकवता येतं, असं मानणाऱ्या पहिल्या काही उस्तादांपैकी ते एक. सवाई गंधर्व, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, रोशन आरा बेगम हे त्यांचे शिष्य. कपिलेश्वरींनी पुढे गुरूचं मोठं चरित्र लिहिलं, ते १९७२ मध्ये प्रसिद्ध झालं.

घर मात्र टिकलं नाही. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही मुलं मोठी कलावंत झाली, पण वडिलांचं नाव त्यांच्या नावापुढे लागलं नाही. स्वराच्या सूक्ष्म जागेसाठी इतका धीर असलेल्या माणसाला संसाराची जागा साधली नाही.

तीन मिनिटांच्या तबकडीत काय ऐकाल?

आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत खाँसाहेबांनी ओडियन कंपनीसाठी तबकड्या भरल्या. एका बाजूला साधारण तीन मिनिटं. विलंबित आलापीच्या गवयासाठी ही शिक्षाच. तरी झिंझोटीतली त्यांची ठुमरी इतकी पसरली की १९३५ च्या देवदास चित्रपटात सैगल यांनी तीच गायली. लहानग्या भीमसेन जोशींनी खाँसाहेबांची तबकडी ऐकून गाण्यासाठी घर सोडलं, असं सांगितलं जातं. पुढे ते सवाई गंधर्वांचे शिष्य झाले. म्हैसूरच्या दरबारातल्या फेऱ्यांमुळे खाँसाहेबांना कर्नाटक संगीताची ओढ लागली होती आणि त्या पद्धतीच्या रचनाही त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. या सगळ्या तबकड्या आज मोबाईलवर मिळतात. स्पीकरऐवजी इअरफोन लावून ऐका आणि आवाजामागच्या तंबोऱ्याकडे कान द्या. खरखरीतूनही तो सापडतो.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये मद्रासमधला कार्यक्रम आटोपून ते पाँडिचेरीला निघाले. गाडीत छातीत दुखू लागलं, म्हणून चेंगलपट्टूजवळच्या सिंगपेरुमाळ कोविल या छोट्या स्टेशनवर ते उतरले. फलाटावर अंथरूण घातलं. तंबोरा जुळवला गेला आणि दरबारी कानड्यात त्यांनी प्रार्थना सुरू केली. त्या रात्री तिथेच ते गेले. पार्थिव मिरजेला आणण्यात आलं.

मिरजेत आज काय चाललंय?

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दुसऱ्या गावात बनलेल्या वाद्याला आता मिरजेचं नाव लावता येणार नाही. पण सतारमेकर गल्लीतली खरी स्पर्धा दुसऱ्या गावाशी नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि फोनमधली फुकट ॲप्स यांनी रियाझाच्या खोलीतला लाकडी तंबोरा कोपऱ्यात ढकलला आहे. ॲपमध्ये ज्या तंबोऱ्याचा आवाज वाजतो, त्याचीही जवारी कधीतरी कोणीतरी हाताने काढलेली असते. ते काम शिकायला वर्षं लागतात, आणि घोडी किती घासली म्हणजे पुरे, हे मोजायचं यंत्र या गल्लीत नाही. कारागीर दोन हात घासतो, तार चढवतो, कान लावतो आणि बहुतेक वेळा तार पुन्हा उतरवतो.