बहिणाबाईंची गाणी: जात्यापासून पडद्यापर्यंत

बहिणाबाई चौधरींना आपण कवयित्री म्हणतो, पण मला त्या आधी गाणाऱ्या बाई वाटतात. 1880 साली जळगावजवळच्या असोद्यात जन्म, तेराव्या वर्षी लग्न, ऐन तिशीत वैधव्य, पदरी तीन मुलं. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करता करता गाणं सुचायचं आणि बरंचसं तिथंच विरून जायचं. मुलगा, कवी सोपानदेव आणि एका नातेवाइकानं जमेल तेवढं टिपून ठेवलं, म्हणून ते वाचलं. 1951 मध्ये त्या गेल्या. पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं पुस्तक निघालं. मग 1961 च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांच्या चालींवर त्या कविता घरोघरी पोचल्या. सिनेमानं कवितेचं गाणं केलं असं म्हणतात. मी म्हणेन, गाणं होतं ते पुन्हा गळ्यात आलं.

आपल्या गणेशोत्सवात मुलं या कविता सादर करतात. बसवणाऱ्या ताई-दादांना एकच विनंती: त्यांची बोली ‘शुद्ध’ करू नका. तिथं ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, तो तसाच राहू द्या. शब्द बदलला की नादही जातो. आणि पाठ म्हणून घेण्यापेक्षा मुलांना गाऊ द्या.