हार्डडिस्कचे जनक : रेनॉल्ड जॉन्सन

पेन्सिलीने खुणा करायची परीक्षा आपण कधी ना कधी दिलीच आहे. त्या खुणा तपासणारे मशीन आणि आपल्या पीसीतली हार्डडिस्क, दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस आहे हे कळल्यावर मी चाटच पडलो.

रेनॉल्ड जॉन्सन यांचा जन्म १९०६ साली अमेरिकेतील मिनेसोटात झाला. लहानपणी स्वारी भलती खोडकर! बहिणींना भेटायला येणाऱ्या मुलांच्या गाडीत स्पार्क प्लगवर पेन्सिलीच्या रेघा ओढायची. ग्रॅफाइटमधून वीज निसटायची आणि गाडी सुरूच व्हायची नाही. पुढे हायस्कूलात सायन्स शिकवताना हीच खोडी कामी आली. पेन्सिलीच्या खुणेतून वीज वाहते, त्यावरून मार्क मोजणारे मशीन त्यांनी बनवले. आयबीएमने १९३४ मध्ये त्यांना नोकरीवर घेतले.

१९५२ मध्ये सॅन होजेला नवी लॅब उभारायचे काम त्यांच्याकडे आले. तिथल्या टीमची पहिली हार्डडिस्क १९५६ मध्ये बाजारात आली. २४ इंची ५० तबकड्या, मिनिटाला १२०० फेरे, आणि मावणार फक्त ५० लाख अक्षरे!

आजची डिस्क काम नसले की थांबू शकते. पण फाइल सिस्टिम तिला झोपू देईल तर ना! मेमरीत असलेली फाइल नुसती वाचली तरी वाचल्याची वेळ नोंदवायची. लिनक्सने २००९ पासून ही नोंद कमी केली, तरी लॉगचे लिखाण चालूच. एक्स्ट-फोर साठलेले बदल दर ५ सेकंदांनी डिस्कवर उतरवते. नव्या डिस्कवर तर राहिलेली कोष्टके मागाहून भरत बसते. मोटर पुन्हा पुन्हा उठते. झीजही होते, वीजही जाते.

उपाय सोपे आहेत. 'नोएटाइम' लावून माउंट करा, लॉग मेमरीत ठेवा, फॉरमॅट करतानाच कोष्टके पूर्ण भरून घ्या. चौथा उपाय म्हणजे ५ सेकंदांचा 'कमिट' वाढवणे. माझे घर रोह्याजवळ धाटावला. पावसाळ्यात लाइट कधी जाईल नेम नाही. कमिट १० मिनिटांवर नेला आणि लाइट गेली, तर १० मिनिटांपर्यंतचे काम पाण्यात! म्हणून घरच्या पीसीवर मी पहिले तीनच उपाय केलेत.

जॉन्सन १९७१ मध्ये निवृत्त झाले. नव्वदहून जास्त पेटंट्स त्यांच्या नावावर होती. १९८६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले, १९९८ मध्ये ते गेले. मित्रांनो, रूमवरच्या पीसीत कमिट वाढवायचा असेल, तर आधी यूपीएस आहे का ते बघा. सबमिशनच्या आदल्या रात्री तर नक्कीच!