सलीम अली : पक्ष्यांसाठी सरकारदरबारी उभा राहिलेला माणूस

सलीम अली म्हटलं की आपल्याला पाठ्यपुस्तकातली चिमणीची गोष्ट तेवढी आठवते. त्यांनी सरकारकडून काय करून घेतलं, ते मात्र आपल्या घरांत फारसं बोललं जात नाही.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तीन वर्षांचे होईपर्यंत आई-वडील दोघांचाही इंतकाल झाला होता. या यतीम पोराला खेतवाडीत मामा अमीरुद्दीन तैय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी वाढवलं. दहाएक वर्षांचे असताना छर्‍याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! ही खायला हलाल आहे का, असा प्रश्न पडला म्हणून पोरगं मामांकडे गेलं. मामांनाही सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड साहेबांकडे पाठवलं, आणि तिथून पुढचं आयुष्य ठरलं.

पण पोटापाण्याचं काही जमेना. ब्रह्मदेशातला घरचा व्यवसाय चालला नाही. म्युझियममध्ये गाईडची नोकरी मिळाली. जर्मनीत शिकून १९३० ला परत आले तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. मग पत्नी तहमीना बेगम यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा त्यांनी जो अभ्यास केला, त्याने नाव झालं. नर अर्धं घरटं विणतो, मादीला पसंत पडलं तरच पुरं करतो, आणि ती अंड्यांवर बसली की दुसरीसाठी नवं विणायला घेतो, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी केली. १९३९ मध्ये तहमीना बेगम गेल्या. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

आता भरतपूर. तिथलं केवलादेवचं पाणथळ म्हणजे महाराजांची बदकांच्या शिकारीची जागा. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पार्टीने एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले, तारीख नेमकी १२ नोव्हेंबर! स्वातंत्र्यानंतर हे तळं आटवून जमीन शेतीला द्या, अशी मागणी जोरात होती. सलीम अलींनी थेट पंडित नेहरूंकडे शब्द टाकला. तळं वाचलं, १९५६ मध्ये पक्षी अभयारण्य झालं आणि पुढे राष्ट्रीय उद्यान.

राष्ट्रीय उद्यान झालं तशी १९८२ मध्ये सरकारने आत गुरं चारायला बंदी केली. ही बंदी हवी असंच सलीम अलींचंही मत होतं. गावकरी चिडले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. आणि गंमत बघा, गंमत कसली म्हणा, बंदीनंतर गवत इतकं माजलं की पाणी झाकलं गेलं, पक्ष्यांनाच जागा उरेना. म्हशी ते गवत खात होत्या म्हणून पाणी मोकळं राहायचं. हे सलीम अलींच्याच सोसायटीच्या कित्येक वर्षांच्या अभ्यासातून पुढे आलं. त्यांच्याबद्दल लिहिताना हा भाग बहुतेक जण गाळतात. आम्हाला तो गाळावासा वाटत नाही. ज्यांची गुरं अडवली, त्यांना आधी कुणी विचारलंच नव्हतं.

केरळच्या सायलेंट व्हॅलीत मात्र त्यांचा अंदाज पक्का निघाला. कुंतीपुळा नदीवर वीजप्रकल्पासाठी धरण होणार होतं. ऐंशीच्या घरातला हा बुजुर्ग ते जंगल बघून आला आणि प्रकल्प रद्द करा म्हणून अडून बसला. इतरही पुष्कळ लोक लढत होते. शेवटी धरण बारगळलं आणि १९८४ मध्ये ते जंगल राष्ट्रीय उद्यान झालं.

एका ठिकाणी मात्र त्यांचं कुणी ऐकलं नाही. माळढोक हा राष्ट्रीय पक्षी व्हावा असा त्यांचा आग्रह होता, म्हणजे त्याच्याकडे सरकारचं लक्ष जाईल. १९६३ मध्ये मान मिळाला मोराला. आपल्या सोलापूरच्या नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य आहे, पण तिथेही आता माळढोक दिसणं मुश्किल झालंय.

१९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. त्याच वर्षी मिळालेल्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराची मोठी रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीला देऊन टाकली. १९८५ मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त झाले. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. गोव्यात चोडण बेटावरच्या पक्षी अभयारण्याला आणि औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) तळ्याला आज त्यांचंच नाव आहे.