सहा प्रश्नांचे उत्तर

महाविद्यालयाच्या व्यासपीठावर कोणी बोलावे आणि काय बोलावे, हा प्रश्न आजही वारंवार उपस्थित होतो. बहुसंख्यांना न रुचणारा विषय असला की परवानगी नाकारणे, निदान कार्यक्रम पुढे ढकलणे, हा निर्धोक मार्ग मानला जातो. अशा वेळी कल्याणच्या एका कन्येचे चरित्र पुन्हा आठवावेसे आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या आद्य भारतीय स्त्रियांमध्ये घेतो. परंतु त्या पदवीपूर्वी त्यांना जाहीर वादाच्या कसोटीस उतरावे लागले होते आणि त्या कसोटीचे स्थळही एक कॉलेजच होते.

कल्याणच्या गणपतराव जोशी यांची ही मुलगी. जन्म ३१ मार्च १८६५ चा, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी तिचा विवाह झाला. गोपाळरावांचा शिक्षणाचा आग्रह हट्टाच्या आणि प्रसंगी मारहाणीच्या थरास जाई. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत दगावला. या दुःखातून डॉक्टर होण्याचा आनंदीबाईंचा निश्चय दृढ झाला.

१८७८ मध्ये गोपाळरावांनी कोल्हापुरातून पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांकडे साहाय्य मागितले. धर्मांतराची अपेक्षा त्यांनी अमान्य केली, तेव्हा नकार मिळाला. मात्र हा पत्रव्यवहार मिशनच्या मासिकाने दडपून न ठेवता प्रसिद्ध केला. तो न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला आणि त्यांनी आनंदीबाईंना आपल्या घरी आश्रय देऊ केला. मत न पटूनही ते छापले गेले, म्हणूनच पुढचा मार्ग खुला झाला.

पुढे गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली. एकट्या हिंदू स्त्रीने समुद्रापार जाण्याच्या बेताविरुद्ध सर्वत्र कुजबुज सुरू झाली. तेव्हा फेब्रुवारी १८८३ मध्ये आनंदीबाईंनी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात इंग्रजीतून भाषण केले. वयाची अठरा वर्षेही पूर्ण झालेली नव्हती आणि त्या कॉलेजच्या त्या विद्यार्थिनीही नव्हत्या. लोकांच्या तोंडचे सहा आक्षेप त्यांनी स्वतःच मांडले: अमेरिकेस कशासाठी? शिक्षणाची सोय येथे नाही काय? एकटीनेच का? जातीने बहिष्कार घातला तर? परदेशी संकट ओढवले तर? आणि जे कोणत्याही स्त्रीने केले नाही ते हिनेच का करावे?

आक्षेप सौम्य करून त्यांनी उत्तर सोपे केले नाही. मद्रासला कॉलेज आहे, इतरत्र सुइणींचे वर्ग आहेत, हे मान्य करून त्यांनी त्या शिक्षणातील उणिवा सांगितल्या. आपला पोशाख आणि आहार तोच राहणार, तेव्हा बहिष्कार घालावयाचाच तर तो आताच का घालू नये, असा त्यांचा सवाल होता. श्रोत्यांनी आपल्याशी सहमत व्हावे अशी अट त्यांनी घातली नव्हती. ऐकून मग निर्णय करावा, एवढीच अपेक्षा होती.

एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाचे काम त्यांच्याकडे येणार होते. पण क्षयाने ग्रासलेल्या आनंदीबाईंचे २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निधन झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

प्रत्यक्ष रुग्णसेवा त्यांच्या हातून घडू शकली नाही. परंतु प्रश्नांना तोंड देण्याचा जो धडा त्यांनी घालून दिला, तो अपूर्ण नाही. आज कल्याण, डोंबिवली आणि ठाणे येथील महाविद्यालयांत सहस्रावधी मुली शिकतात. वादविवाद स्पर्धा होतात, करंडक वाटले जातात. तथापि स्पर्धेतील वाद हा नेमून दिलेल्या बाजूचा असतो; त्यात बोलणाऱ्याचे काहीच पणास लागलेले नसते. खरा वाद ज्याच्या आयुष्याशी निगडित आहे, त्याला सभागृह देण्याची वेळ आली की संस्थांचे धैर्य ओसरते. शांतता राखणे हे संस्थाचालकांचे कर्तव्य खरेच. पण मौन म्हणजे शांतता नव्हे. सभागृहात जे विचारू दिले जात नाही, ते कुजबुजीच्या रूपाने बाहेर पसरते आणि कुजबुजीला कोणी उत्तर देऊ शकत नाही. प्रतिपक्षाचा आक्षेप त्याच्याइतक्याच जोराने मांडून मग त्याचे निरसन करणारा विद्यार्थी घडवावयाचा असेल, तर महाविद्यालयांनी आधी आपले दरवाजे उघडे ठेवले पाहिजेत.