फादर थॉमस स्टीफन्स : तारकाचे नाम आणि मराठी ओवी

प्रास्ताविक

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना पहिले मोठे नाव येते ते फादर थॉमस स्टीफन्स यांचे. जन्माने इंग्रज असलेल्या या धर्मोपदेशकाने गोव्यात राहून मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. या घटकात त्यांचे चरित्र आपण एका विशिष्ट प्रश्नाच्या अनुषंगाने पाहणार आहोत. ज्या धर्मात तारण एका नामाशी निगडित आहे, ते नाम परक्या भाषेतल्या श्रोत्यांपर्यंत कसे न्यावे, हा तो प्रश्न होय.

इंग्लंड ते गोवा

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. राणी एलिझाबेथच्या राजवटीत तेथे प्रॉटेस्टंट पंथ हा राजधर्म झाला होता आणि कॅथलिक पंथीयांवर कडक निर्बंध होते. स्टीफन्स यांचे कॅथलिक स्नेही थॉमस पाउंड यांना श्रद्धेपायी दीर्घ तुरुंगवास भोगावा लागला. ज्या ख्रिस्ताचे नाव दोन्ही पक्ष घेत होते, त्याच्याच उपासनेच्या रीतीवरून माणसे बंदिवासात पडत होती. स्टीफन्स रोमला गेले आणि १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. या संघाने संस्थापकाच्या नावाऐवजी येशूचेच नाव धारण केले होते, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले स्टीफन्स सहा महिन्यांहून अधिक काळ सागरप्रवास करून त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. १६१९ मध्ये गोव्यातच त्यांचे निधन झाले. या चाळीस वर्षांतील बराचसा काळ त्यांनी साष्टी प्रांतात धर्मकार्य केले.

नामाचा अर्थ

प्राचीन यहुदी परंपरेत देवाचे नाम इतके पवित्र मानले गेले, की पुढे त्याचा उच्चार करणेच टाळले जाऊ लागले. ‘येशू’ या नावाच्या मूळ हिब्रू रूपाचा अर्थ ‘यहोवा तारतो’ असा होतो. म्हणून मत्तयाच्या शुभवर्तमानात देवदूत योसेफाला बाळाचे नाव सांगतो, तेव्हा त्यासोबत नावाचे कारणही सांगतो : हा आपल्या लोकांना पापांतून तारील. ख्रिस्ती श्रद्धेत नाम आणि कार्य असे एकरूप झाले आहे. बाप्तिस्मा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नामाने दिला जातो. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेतील पहिली मागणीही नाम पवित्र मानले जावे हीच आहे. तथापि नाम म्हणजे केवळ अक्षरोच्चार नव्हे. नाम घेणे म्हणजे त्या नामाच्या धन्यावर विश्वास ठेवून आपले जीवन त्याच्या स्वाधीन करणे, असा त्याचा आशय आहे.

साष्टीतील पेच

स्टीफन्स यांच्यापुढील पेच केवळ भाषेचा नव्हता. ते येण्यापूर्वीच, १५६० मध्ये, गोव्यात धर्मन्यायालय स्थापन झाले होते आणि १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे गावकऱ्यांच्या हातून येशूसंघाचे पाच सदस्य मारले गेले. त्यानंतर पोर्तुगीज सत्तेने गावच्या प्रमुखांना ठार केले. तारणाचे नाम ज्या गलबतांतून आले, त्याच गलबतांतून तोफाही आल्या होत्या. अशा स्थितीत ते नाम श्रोत्यांना राज्यकर्त्यांच्या देवाचे वाटणे स्वाभाविक होते.

नवख्रिस्ती लोकांकडून जुने ग्रंथ काढून घेण्यात आले होते. त्यांच्या जागी वाचावयास, ऐकावयास काय, हा प्रश्न ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभीच श्रोत्याच्या मुखाने उपस्थित होतो. संपूर्ण ग्रंथ हे त्याचेच उत्तर आहे.

पुराणाची रचना

१६१६ मध्ये रायतूर येथे हा ग्रंथ रोमी लिपीत छापला गेला. ‘पैले पुराण’ ३६ अवस्वरांचे, तर ‘दुसरे पुराण’ ५९ अवस्वरांचे असून एकूण ओव्या सुमारे अकरा हजार आहेत. पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारकाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा येते, दुसऱ्यात येशूचे चरित्र. मूळ पोर्तुगीज शीर्षकात तारक येशू ख्रिस्ताचे जगात आगमन हाच विषय सांगितला आहे. म्हणजे नाम आणि तारण ही जोडी शीर्षकातच आहे.

शब्दयोजनेत स्टीफन्स यांनी दोन मार्ग एकत्र आणले. ख्रिस्ताचे नाव त्यांनी भाषांतरित केले नाही. पोर्तुगीज उच्चारास जवळचे ‘जेजू’ हे रूप त्यांनी कायम ठेवले, कारण ते एका ऐतिहासिक व्यक्तीचे नाव होते. मात्र त्याचा अर्थ उलगडताना मुक्ती, पाप, वैकुंठ असे श्रोत्यांच्या नित्य परिचयाचे शब्द आणि पुराणकथनाची रीत त्यांनी स्वीकारली. ‘परमेश्वर’ आणि ‘बाप’ या शब्दांनी त्यांनी देवाचे ऐश्वर्य आणि वात्सल्य एकत्र आणले.

एकनाथांचा काळ त्याच सुमाराचा आहे. नामाने उद्धार होतो ही श्रद्धा मराठी मनाला नवी नव्हती. भेद असा, की भक्तिपरंपरेत एकाच तत्त्वाची अनेक नामे मानली जातात, तर स्टीफन्स यांच्या श्रद्धेत तारणाचे नाम एकच आहे. हा भेद त्यांनी लपविला नाही. पण तो सांगण्यासाठी त्यांनी निवडली ती ज्ञानेश्वर-एकनाथांनी घडविलेली ओवी.

समारोप

स्टीफन्स यांच्या निधनानंतर १६४० मध्ये त्यांचे कोंकणी व्याकरण प्रसिद्ध झाले. ‘क्रिस्तपुराणा’च्या १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला, तरीही हस्तलिखितांच्या आधारे हे पुराण टिकून राहिले. १९०७ मध्ये मंगळूर येथे जे. एल. साल्ढाणा यांनी त्याची संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली. सत्तेच्या आश्रयाने आलेले नाम सत्तेने भाषा नाकारल्यावरही त्याच भाषेत उच्चारले जात राहिले. स्टीफन्स यांच्या कार्याचे मोल ठरविताना त्यांच्या काळातील दडपशाही नजरेआड करता येत नाही आणि त्यांनी मराठीवर टाकलेला विश्वासही विसरता येत नाही. या दोन्ही बाजू एकत्र ठेवूनच ‘क्रिस्तपुराण’ वाचावे.